सर्गेई कोरोल्योव्ह : माणूस परत आणणारा अभियंता

आकाश निरभ्र असेल तर संध्याकाळी नागपुरात, प्रताप नगरातल्या एखाद्या गच्चीवरूनही, कधीकधी एक ठळक ठिपका आभाळातून सरकताना दिसतो. तो लुकलुकत नाही, त्याचा आवाज येत नाही आणि चार-पाच मिनिटांत तो दिसेनासा होतो. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. तिथे माणसांची ने-आण करणाऱ्या यानांत रशियाचे सोयूझ सर्वांत जुने. निघताना सोयूझचे वजन साधारण ७ टन असते. परत येते ती ३ टनांहून थोडी हलकी कुपी, आत तीन माणसे. बाकीचे भाग वातावरणात जळून जातात आणि उतरलेली कुपीही पुन्हा उडत नाही. दर फेरीला नवे यान.

एकदा वापरून टाकून देण्याची ही रीत मोडण्याचे प्रयत्न रशियात गेली साठ-पासष्ट वर्षे चालू आहेत. कागदावर पंखांची याने आली, बिनपंखांची आली, काही प्रत्यक्ष बांधलीही गेली. माणसांना घेऊन मात्र त्यांतले एकही अजून कक्षेत गेलेले नाही. या गोष्टीचा आरंभ ज्याच्यापाशी होतो, त्या अभियंत्याचे नाव स्पुटनिकनंतरही त्याच्या देशवासीयांना ठाऊक नव्हते. वर्तमानपत्रे त्याला फक्त मुख्य रचनाकार म्हणत. त्याने स्वतः लेख लिहिला तर तो प्राध्यापक सर्गेयेव्ह या टोपणनावाने छापला जाई.

सर्गेई पावलोविच कोरोल्योव्ह यांचा जन्म १२ जानेवारी १९०७ रोजी आजच्या युक्रेनमधल्या झितोमिर गावी झाला. आईवडील लवकरच वेगळे झाले आणि मुलगा आजोळी वाढला. आईने पुढे एका अभियंत्याशी लग्न केले, ते कुटुंब ओडेसा बंदरात राहायला गेले आणि तिथे या मुलाला उडण्याचे वेड लागले. सतराव्या वर्षी त्याने एका ग्लायडरचा आराखडा काढला. पुढे कीव्ह, मग मॉस्कोचे तंत्र महाविद्यालय. तिथे पदवीच्या प्रकल्पाला मार्गदर्शक लाभले ते विख्यात विमानरचनाकार आंद्रेई तुपोलेव्ह. १९३० मध्ये कोरोल्योव्ह यांनी आखलेल्या ग्लायडरने हवेत कोलांट्या मारून दाखवल्या, पण तो चालवायला ते स्वतः नव्हते. टायफॉइडने त्यांना अंथरुणाला खिळवले होते.

कोरोल्योव्ह रॉकेटकडे आले ते पंखांच्या वाटेने, हे लक्षात ठेवायला हवे. त्या काळी रॉकेटवेडे पुष्कळ होते, पण बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चंद्र आणि मंगळ असत. कोरोल्योव्ह यांना हवे होते रॉकेटवर चालणारे विमान, म्हणजे माणसाला वर नेईल, खाली आणील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उडेल असे यंत्र. त्यांच्या गटाने १९३३ च्या ऑगस्टमध्ये सोडलेले पहिले रॉकेट ४०० मीटर वर गेले. त्याच दशकात त्यांनी स्वतःच्या एका ग्लायडरला रॉकेट इंजिन जोडण्याचे काम हाती घेतले. ते यंत्र फेब्रुवारी १९४० मध्ये उडाले. तेव्हा त्याचा कर्ता तुरुंगात होता.

जून १९३८ मध्ये, स्टालिनच्या धरपकडीच्या काळात, त्यांना घरातून उचलण्यात आले. आरोप घातपाताचा होता. चौकशीत मारहाण झाली आणि शिक्षा दहा वर्षांची झाली. १९३९ मध्ये त्यांना देशाच्या ईशान्य टोकाला, कोलिमा भागातल्या माल्द्याक या सोन्याच्या खाणीवर पाठवले गेले. नागपूरकरांना मे महिन्यातले ४५ अंश ठाऊक आहेत. कोलिमाच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली तितकाच, किंबहुना त्याहून जास्त उतरतो. खाणीतले काम, तोकडे अन्न, ताजी भाजी नाही, फळ नाही. काही महिन्यांतच त्यांना स्कर्व्ही झाला.

स्कर्व्ही हा आज आपल्या बाह्यरुग्ण विभागात क्वचित दिसणारा आजार. क जीवनसत्त्व मिळाले नाही तर शरीराला कोलॅजन नीट बनवता येत नाही, आणि कोलॅजन हा शरीराच्या बांधकामातला सिमेंटच आहे. हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, दात हलू लागतात. जखमा भरत नाहीत, मोडलेले हाड नीट जुळत नाही. कोरोल्योव्ह यांचे बरेच दात कोलिमात गेले. मारहाणीत जबडा मोडला होता आणि तो पुढे कधी पुरता उघडला नाही, असे त्यांच्याबद्दल लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवले आहे. हा जबडा या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

आई गप्प बसली नाही. त्या काळातल्या नामांकित वैमानिकांनीही रदबदली केली. खटला पुन्हा चालला, शिक्षा आठ वर्षांवर आली आणि कोरोल्योव्ह यांना खाणीऐवजी कैदी अभियंत्यांच्या कार्यालयात कामाला लावले गेले. तिथे वरिष्ठ होते तेच तुपोलेव्ह, आणि तेही कैदीच! सुटका झाली १९४४ मध्ये. निर्दोष असल्याचा कागद हातात पडायला १९५७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी त्यांनी जगाला स्पुटनिक दाखवला. पहिली पत्नी झेनिया विन्सेंतिनी शल्यचिकित्सक होत्या. मुलगी नतालियाही पुढे शल्यचिकित्सक झाली आणि वडिलांचे सविस्तर चरित्र तिनेच लिहिले. पण तुरुंग आणि युद्धाच्या वर्षांनंतर तो संसार टिकला नाही.

युद्धानंतरचा काळ भरभर सांगता येईल. जर्मनीत जाऊन तिथल्या रॉकेटांचा अभ्यास, मॉस्कोजवळच्या पोदलिप्कीत कारखाना, एकामागून एक क्षेपणास्त्रे. ऑगस्ट १९५७ मध्ये आर-७ हे मोठे रॉकेट यशस्वी झाले, ४ ऑक्टोबरला त्यावरून स्पुटनिक गेला आणि महिन्याभरात लायका ही कुत्री. लायकाला परत आणण्याची सोयच नव्हती. यान तापले आणि ती काही तासांत मेली. वर नेणे जमले होते. आता प्रश्न खाली आणण्याचा होता.

कक्षेतले यान सेकंदाला जवळपास ८ किलोमीटर वेगाने जात असते. तो सगळा वेग मारायचा तो हवेच्या अडथळ्यानेच, आणि वेग मारताना उष्णता निर्माण होते. कोरोल्योव्ह यांनी या प्रश्नाची दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली.

पहिले उत्तर त्यांच्या जुन्या आवडीचे होते. पावेल त्सिबिन या विमानरचनाकाराकडून त्यांनी १९५९ मध्ये एका पंखवाल्या यानाचा आराखडा करून घेतला. एक वैमानिक, खाली चपटे पोट, आणि उतरताना वर दुमडणारे पंख. पंख दुमडायचे ते पोटाच्या आडोशाला राहून भाजू नयेत म्हणून. हवा दाट झाली की ते उघडायचे आणि ग्लायडरसारखे धावपट्टीवर यायचे. झाडाच्या सालीपासून विणलेल्या रशियन जोड्यासारखा त्याचा आकार होता, म्हणून त्याला लापोतोक असे लाडके नाव पडले. रॉकेट वाया जाणार होते, पण यान आणि माणूस दोन्ही परत येणार होते. अंशतः पुन्हा वापरता येणाऱ्या रशियन मानवी यानांची वंशावळ इथून सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. पण चाचण्यांचे आकडे आले तेव्हा दिसले की उष्णता अंदाजापेक्षा बरीच जास्त आहे, आणि ती झेलणारा पत्रा कोणाकडे नाही.

दुसरे उत्तर ओबडधोबड होते. २.३ मीटर व्यासाचा एक गोळा. गोळ्याला पंख नाहीत, सुकाणू नाही. तळ जड ठेवला की तो आपोआप सुलटा होतो, आणि बाहेरचा थर जळत गेला की आत उष्णता पोचत नाही. गणित सोपे, भरवसा जास्त. त्याच गोळ्यात कॅमेरे बसवले तर हेरगिरीचा उपग्रह होतो, त्यामुळे लष्करही राजी झाले. अमेरिका मागे लागली होती आणि वेळ नव्हता. ग्लायडरवर वाढलेल्या माणसाने गोळा निवडला.

या निवडीची किंमत माणसाच्या शरीराने मोजायची होती. तोफगोळ्यासारखे सरळ खाली येणारे यान हवेत शिरताच इतक्या झपाट्याने मंदावते की आतल्या माणसावर ८ ते ९ जी इतका भार येतो. ७० किलोच्या माणसाचे वजन काही क्षण ६०० किलोच्या आसपास होते. असा भार डोक्याकडून पायाकडे आला तर रक्त पायांत साचते, मेंदूला पुरत नाही आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून त्याला पाठीवर झोपवतात आणि भार छातीकडून पाठीकडे घेतात. मग मेंदूला रक्त मिळते, पण छाती उचलत नाही. श्वास पोटाने, तुकड्यातुकड्याने घ्यावा लागतो. तरुण, निवडलेला, तालीम घेतलेला वैमानिक हे सोसतो. हृदयविकाराच्या माणसाला त्यात बसवायची शिफारस कोणताही डॉक्टर करणार नाही. आणि यान बांधणारा स्वतः हृदयविकाराचाच रुग्ण होता.

ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्त्रेल्का या कुत्र्या कक्षेतून जिवंत परत आल्या. डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत प्चोल्का आणि मुश्का यानासह नष्ट झाल्या. ३ डिसेंबरला कोरोल्योव्ह यांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. दोन्हींचा संबंध जोडायला पुरावा लागतो आणि तो कोणाकडे नसतो. तपासणीत मूत्रपिंडाचाही विकार निघाला. विश्रांतीचा सल्ला मिळाला आणि तो अर्थातच पाळला गेला नाही. पुढच्या १२ एप्रिलला, १९६१ साली, युरी गागारिन १०८ मिनिटांत पृथ्वीची फेरी करून आले. गोळा पॅराशूटनेही माणसाला सोसणार नाही इतक्या जोरात आपटत असे. म्हणून गागारिन ७ किलोमीटर उंचीवर खुर्चीसह बाहेर फेकले गेले आणि वेगळे उतरले. सोव्हिएत सरकारने ही गोष्ट कित्येक वर्षे लपवून ठेवली.

कोरोल्योव्ह यांच्याबद्दल लिहिताना त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. ऑक्टोबर १९६४ मध्ये त्याच गोळ्यात त्यांनी तीन माणसे बसवली, कारण वरून तसा दबाव होता. जागा व्हावी म्हणून अवकाशपोशाख काढून टाकले. त्या तिघांत बोरिस येगोरोव्ह होते, अवकाशात गेलेले पहिले डॉक्टर. यानाला एक छिद्र पडले असते तरी तिघेही वाचले नसते. तिघे परत आले, पण पोशाखाविना उडण्याची ती सवय पुढे महागात पडली. जून १९७१ मध्ये सोयूझ-११ ची हवा उतरताना एका झडपेतून निघून गेली आणि आतले तिघे मृत्युमुखी पडले. त्यांच्याही अंगावर पोशाख नव्हते.

सोयूझचा आराखडा हे कोरोल्योव्ह यांचे शेवटचे मोठे काम. गोळ्यातली चूक त्यांनी इथे अर्धी दुरुस्त केली. परतीची कुपी घंटेच्या आकाराची केली आणि तिचा तोल मुद्दाम किंचित एका बाजूला ठेवला. त्यामुळे ती हवेत शिरताना थोडी तिरपी राहते आणि हवा तिला थोडी उचलून धरते. ती फिरवून दिशाही बदलता येते. पंख नसले तरी पंखाचे थोडे काम होते, आणि भार ३ ते ४ जी वर येतो. जमीन हाताच्या अंतरावर आली की छोटी इंजिने पेटून धक्का मऊ करतात. महिनोन्‌महिने भाररहित राहून ज्यांचे स्नायू आणि हाडे झिजली आहेत, हृदयाला रक्त वर ढकलायची सवय राहिलेली नाही, त्यांच्यासाठी ४ आणि ८ मधला फरक फार मोठा आहे. एप्रिल २००८ मध्ये यानाचे भाग नीट सुटे झाले नाहीत, कुपी तोफगोळ्यासारखी खाली आली आणि भार ८ जी च्या वर गेला. आत दक्षिण कोरियाची पहिली अंतराळवीर यी सो-यन होती. तिघेही वाचले, पण तिला पाठदुखीसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागले.

सोयूझ माणसाला घेऊन उडालेले पाहणे कोरोल्योव्ह यांच्या नशिबी नव्हते. जानेवारी १९६६ मध्ये ते मॉस्कोच्या क्रेमलिन रुग्णालयात दाखल झाले. मलाशयातून रक्तस्राव होत होता आणि एक मस काढायचा होता. शस्त्रक्रिया किरकोळ समजली गेली. ती करायला सोव्हिएत संघाचे आरोग्यमंत्री बोरिस पेत्रोव्स्की स्वतः उभे राहिले. ते मोठे शल्यचिकित्सक होते, यात शंका नाही. पण मोठ्या माणसावर मोठ्या माणसाने उपचार करताना नेहमीच्या पायऱ्या गाळल्या जातात, हा अनुभव जगभरच्या रुग्णालयांना आहे. वॉर्डातल्या साध्या रुग्णाचे तोंड किती उघडते, मान किती वळते, हे भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी पाहून ठेवतो. तोंडात तीन बोटे उभी मावतात का, एवढीच ती तपासणी.

१४ जानेवारीला शस्त्रक्रिया सुरू झाली. मस काढताना रक्त थांबेना. पोट उघडावे लागले आणि आत मोठी गाठ सापडली. तो सार्कोमा होता. आता काम तासनतास चालणार होते. त्यासाठी श्वासनलिकेत नळी घालून श्वास हाती घ्यायला हवा होता, पण मोडून जुळलेला जबडा उघडत नव्हता आणि मान आखूड होती. नळी घालता आली नाही असे पुढे सांगितले गेले. आधीच दुबळ्या झालेल्या हृदयाने साथ सोडली. दोनच दिवसांपूर्वी त्यांना ५९ वर्षे पूर्ण झाली होती. १९३८ ची मारहाण मृत्यूचे एकमेव कारण होती असे म्हणणे अतिशयोक्त होईल. गाठ होती, हृदयविकार होता, रक्तस्रावही होता. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत ज्या क्षणी वाट हवी होती, त्या क्षणी ती बंद होती, आणि ती बंद व्हायला सुरुवात झाली होती अठ्ठावीस वर्षांपूर्वी.

१६ जानेवारीच्या वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी आली, आणि मुख्य रचनाकाराचे नाव सोव्हिएत जनतेने पहिल्यांदा वाचले.

त्यांच्यामागे पुन्हा वापरण्याच्या यानांची रांग लागली. विमानाच्या पाठीवरून सुटणारे स्पायरल आखले गेले, त्याची नमुना विमाने हवेत उडाली, पण ते यान स्वतः कक्षेत कधी गेले नाही. चेलोमेई या प्रतिस्पर्धी रचनाकाराने पुन्हा उडवता येईल अशी कुपी केली. ती चाचण्यांत रिकामी उडाली, माणूस तिच्यात कधी बसला नाही. बुरान हे देखणे पंखवाले यान नोव्हेंबर १९८८ मध्ये माणसाविना दोन फेऱ्या मारून स्वतःच धावपट्टीवर उतरले. देश कोसळला, पैसा संपला आणि २००२ मध्ये त्याच्यावर त्याच्याच गोदामाचे छत कोसळले. सोयूझच्या मोठ्या भावासारखे झार्या १९८९ मध्ये कागदावरच थांबले. २००४ मध्ये सहा माणसांचे क्लिपर जाहीर झाले, दोन वर्षांत गुंडाळले गेले. मग २००९ मध्ये कोरोल्योव्ह यांचेच नाव लावणाऱ्या एनर्जिया कंपनीला नव्या यानाचे काम मिळाले. आधी त्याचे नाव फेदेरात्सिया होते, आता ओर्योल, म्हणजे गरुड. नाव गरुडाचे असले तरी पंख नाहीत, आकार शंकूचाच. परतीचा भाग दहा वेळा वापरण्याचा बेत आहे. तारखा पुढे सरकत आल्या आहेत, उड्डाण अजून बाकी आहे.

दोष केवळ पैशाच्या टंचाईला देऊन चालणार नाही. काचेची सिरिंज आठवून पाहा. स्टीलच्या डब्यात उकळून ती वर्षानुवर्षे वापरली जाई. वरवर पाहता ती स्वस्त, पण उकळणे, तपासणे, फुटलेली बाजूला काढणे आणि एखादी नीट उकळली न गेल्याचा धोका, हे सगळे हिशेबात धरले की चित्र बदलते. यानाचेही तसेच आहे. उतरलेली कुपी पुन्हा उडवायची तर तिचा प्रत्येक सांधा तपासावा लागतो, उष्णतेची ढाल बदलावी लागते. वर्षाला पुष्कळ फेऱ्या असतील तरच ते परवडते. अमेरिकेच्या ड्रॅगन यानाला ते जमले, कारण फेऱ्या मिळाल्या आणि रॉकेटचा खालचा टप्पाही परत येऊ लागला. सोयूझ वर्षाला दोन-चारदाच उडते. शिवाय १९७१ नंतर सोयूझमध्ये एकही माणूस दगावलेला नाही. १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा एका सोयूझमधून गेले आणि दुसऱ्या सोयूझमधून सुखरूप परतले. असे यान बाजूला ठेवून नव्यावर सही करायला कोणत्याही अधिकाऱ्याचा हात थबकेल.

त्यामुळे आजही दर काही महिन्यांनी कझाकस्तानच्या माळरानावर तेच दृश्य दिसते. कुपी धूळ उडवत उतरते, बरेचदा एका कुशीवर कलंडते. हेलिकॉप्टर येतात, दार उघडते, माणसांना उचलून खुर्च्यांवर बसवतात, अंगावर पांघरूण घालतात आणि डॉक्टर पहिल्यांदा नाडी पाहतो. मागे कुपी काळवंडून पडलेली असते. तिचे काम झालेले असते.